कॉम्प्युटर आजारी, की घरातली वीज?

शाळेचा प्रकल्प टाइप करून होत आलाय. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिलाय. आणि एकाएकी टुप्! स्क्रीन काळी. मिनिटभरानं कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू होतो, जणू काही झालंच नाही. सेव्ह न केलेली दोन पानं मात्र गेली ती गेलीच. दादा म्हणतो, "व्हायरस असणार!" बाबा म्हणतात, "टाका आणखी गेम!" आजी म्हणते, "दमला असेल बिचारा, किती वेळ चालवता त्याला!"

खरा चोर पुष्कळदा कॉम्प्युटरच्या पोटात नसतोच. तो असतो भिंतीत! सैल झालेलं सॉकेट, नुसतं नावाला असलेलं अर्थिंग, वर-खाली होणारं व्होल्टेज, म्हातारी झालेली यूपीएसची बॅटरी, असे हे चोर. त्यांचा माग काढायला आज आपण शिकणार आहोत.

पण त्याआधी गुप्तहेरांचा नियम. आपली हत्यारं चारच : डोळे, कान, नाक आणि नोंदवही. स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर ही वायरमनकाकांची हत्यारं. स्विचबोर्ड उघडायचा नाही. कॉम्प्युटरचं कॅबिनेटही उघडायचं नाही. त्याच्या आत 'एसएमपीएस' नावाचा एक पत्र्याचा डबा असतो. पिन काढून ठेवली तरी त्याच्या पोटात काही वेळ ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहते. गुप्तहेर हुशार असतो, आगाऊ नसतो. कबूल? मग चला.

तीन तारांची गोष्ट

आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. ती एकाच दिशेनं वाहत नाही, सेकंदाला ५० वेळा मागं-पुढं होते. कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना मात्र लागतात अवघे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, आणि तेही एकाच दिशेनं जाणारे. हा बदल करायचं काम एसएमपीएसचं. म्हणजे तो कॉम्प्युटरचा स्वयंपाकीच म्हणा ना! बाजारातून आलेलं कच्चं सामान शिजवून, मऊ करून पोरांना भरवणारा. सामानच खराब आलं, तर स्वयंपाकी तरी काय करणार?

आता बोर्डावरच्या सॉकेटकडे लांबूनच नीट पाहा. खाली दोन भोकं, वर एक मोठं. समोरून पाहताना उजवीकडचं भोक फेजचं. वीज येते ती तिथून. डावीकडचं न्यूट्रलचं. परतीची वाट तिथून. आणि वरचं मोठं? ते अर्थिंगचं. तिथून निघालेली हिरवी तार थेट जमिनीत जाते. इमारतीजवळ खड्डा करून त्यात लोखंडी नळी किंवा तांब्याची पट्टी पुरलेली असते. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ घालायची पद्धत आहे. त्यामुळे ओल टिकते आणि वीज मातीत सहज उतरते.

तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन लांब आणि जाड का असते, सांगा पाहू? लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. म्हणजे वीज चालू असेपर्यंत पहारेकरी हजर! आणि जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये.

झिणझिण्या का येतात?

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला आणि मुंग्या आल्यासारखं झालं, असा अनुभव पुष्कळांना येतो. "छे, थोडंसंच तर आहे" म्हणून घरातले सोडून देतात. इथंच आपली फसगत होते.

ही वीज येते कुठून? एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळणारी एक गाळणी असते. तिच्यातून फेजची अगदी थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते. अर्थिंग चांगलं असेल तर ती तशीच जमिनीत उतरून जाते, तुम्हांला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल, तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट येऊन बसतात! तुम्ही अनवाणी पायांनी फरशीवर उभे राहून पत्र्याला हात लावला, की ती वीज तुमच्यातून वाट काढते. अर्थिंगचं काम तुम्हीच करायला लागता म्हणा ना!

गाळणीतून येणारा हा प्रवाह फार थोडा असतो. एका कॉम्प्युटरचा साधारणपणे एक मिलिअँपियरहूनही कमी. म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. मॉनिटर, प्रिंटर असं सगळं एकमेकांना जोडलेलं असलं, की त्यांची बेरीज होते.

मग घाबरायचं कशाला? घाबरायचं ते झिणझिण्यांना नव्हे, त्या जो निरोप देतात त्याला. निरोप असा : "या घरात पहारेकरी झोपलाय!" उद्या आतली फेजची एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर काय होईल? अर्थिंग असेल तर मोठा प्रवाह जमिनीकडे धावेल आणि फ्यूज उडेल किंवा एमसीबी खाली पडेल. कॉम्प्युटर बंद, माणसं सुखरूप. अर्थिंग नसेल तर काहीच होणार नाही. दिवे चालू, पंखा चालू, आणि पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट गुपचूप वाट पाहत बसलेले. शरीरातून साधारण १० मिलिअँपियर गेले, की स्नायू आखडतात आणि पकड सोडवत नाही. ३० च्या पुढे जिवाला धोका. आणि ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब किती घेतो, माहीत आहे? सुमारे २६० मिलिअँपियर! एका बल्बाला लागणाऱ्या विजेचा आठवा-नववा भागही माणसाला भारी पडू शकतो.

म्हणून झिणझिण्या आल्या, की "बघू, पुन्हा येतात का" असं करायचं नाही. भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि मोठ्यांना सांगायचं. रबरी चपला घातल्या की झिणझिण्या लागत नाहीत, हे खरं. पण त्यानं दोष जात नाही, नुसता लपतो.

आणखी एक. लॅपटॉपच्या काही चार्जरांना दोनच पिना असतात. मग त्यांना पहारेकरी नको का? अशा चार्जरवर बारकाईनं पाहा. मोठ्या चौकोनात छोटा चौकोन अशी खूण दिसेल. याचा अर्थ आत दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची गरज नाही. असा लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या भागाला किंचित खरखरीत स्पर्श जाणवू शकतो. पण जोराचा चटका बसला, तर चार्जर बाद समजायचा.

नाही ते उद्योग

अर्थिंगच्या बाबतीत आपल्याकडे लोक काय काय करतात! कुणी प्लगची वरची पिनच तोडून टाकतं, कारण बोर्डावर दोनच भोकं आहेत. कुणी दोन पिनांचा प्लग आत जावा म्हणून वरच्या भोकात पेन्सिल खुपसतं. पेन्सिलीतल्या शिशातून वीज वाहते, बरं का! वरच्या भोकात लांब पिन शिरली, तरच खालच्या दोन भोकांचे पडदे उघडावेत, अशी सोय कितीतरी सॉकेटांत असते. ती लहान मुलांसाठीच केलेली असते.

सर्वांत वाईट उद्योग म्हणजे अर्थिंगची तारच नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्यानं जोडून टाकणं. झिणझिण्या थांबतात, सगळे खूश! पण त्या बोर्डाकडे येणारी न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर त्या तुकड्यावाटे पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात. पहारेकऱ्याच्या वेषात चोरच घरात!

वहीनं पकडलेला चोर

एका घरी कॉम्प्युटर रोज संध्याकाळी दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू व्हायचा. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "एसएमपीएस गेलाय, नवा घाला." घरात आठवीतली एक मुलगी होती. तिनं बाबांकडून एक आठवड्याची मुदत मागून घेतली आणि वहीत तीन रकाने पाडले : किती वाजता झालं, नेमकं काय झालं, त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं.

पहिले दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी तिच्या कानांनी चोर ऐकला. स्क्रीन काळी व्हायच्या क्षणीच स्वयंपाकघरातला फ्रीज 'घर्रर्र' करून सुरू व्हायचा! फ्रीज आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशनवर होते. मग तिनं एकच बदल केला. आईला सांगून काही वेळ फ्रीज बंद ठेवला. कॉम्प्युटर तासभर मुकाट चालला. फ्रीज लावला, दहा मिनिटांत पुन्हा टुप्!

वायरमनकाका आले. त्यांनी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. एक्स्टेंशन ज्या सॉकेटमध्ये होतं, त्याचा आतला स्क्रू सैल झाला होता आणि तारेचं आवरण जळून तपकिरी पडलं होतं. कोणतीही मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट वीज ओढते. घट्ट जोडातून ती सहज जाते. सैल जोडात ती अडखळते. तिथं उष्णता तयार होते आणि पुढे जाणारं व्होल्टेज पडतं. कॉम्प्युटर बंद पडत होता तो यामुळे. सॉकेट बदललं, फ्रीजला स्वतंत्र जागा दिली, काम झालं. एसएमपीएस ठणठणीत होता. तो नवा घातला असता, तर पैसे गेले असते आणि तार मात्र तशीच जळत राहिली असती. अशाच सैल जोडांतून आगी लागतात.

या मुलीची पद्धत मोठ्या शास्त्रज्ञांचीच आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क २' नावाचा खोलीएवढा कॉम्प्युटर होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो बिघडला. तंत्रज्ञांनी एकेक भाग तपासला, तर एका रिलेमध्ये चक्क एक पतंग अडकलेला! त्यांनी तो काढला, नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. पतंगासकट ते पान अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयानं जपून ठेवलं आहे. इतक्या मोठ्या यंत्राचा चोर एक किडा होता. तो सापडला, कारण तपास पायरीपायरीनं झाला.

तेव्हा सूत्र पाठ करा : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशानं गेला हे कधीच कळत नाही.

दोष कुठपर्यंत पसरलाय?

गुप्तहेराचा पुढचा प्रश्न : त्रास एकाच बोर्डावर आहे, सगळ्या घरात आहे, की शेजाऱ्यांकडेही?

एकाच बोर्डावर असेल, तर संशय त्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशनवर. प्लग गरम लागणं, जळका वास, चर्रचर्र आवाज, सॉकेटवर पिवळा-काळा डाग, या त्याच्या खुणा. असं काही दिसलं, की बोर्डाला हात न लावता मोठ्यांकडून मेन स्विच बंद करून घ्यायचा.

सगळ्या घरात दिवे फडफडत असतील, तर मीटरपासून घरापर्यंतच्या जोडात गडबड असू शकते. शेजाऱ्यांकडेही तेच असेल, तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये. मग वीज कंपनीकडे तक्रार नोंदवायची.

आणि एक खूण तर अगदी पक्की लक्षात ठेवा. काही दिवे एकदम लख्ख झालेत आणि त्याच वेळी दुसरे मंद पडलेत, किंवा पंखा वेड्यासारखा जोरात फिरतोय, असं दिसलं तर विचार करत बसू नका. बाहेर न्यूट्रल तुटल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वेळी एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. ताबडतोब मोठ्यांना हाक मारा आणि मेन स्विच बंद करायला सांगा.

स्पीकरमधून सारखं 'घूं' ऐकू येतं, त्याचं काय? कॉम्प्युटर एका बोर्डावर आणि त्याला जोडलेला टीव्ही दुसऱ्या बोर्डावर असेल, तर पुष्कळदा असं होतं. दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहा. घूं थांबावं म्हणून अर्थिंगची पिन तोडायची नाही, हे आता तुम्हांला सांगायला नकोच.

यूपीएसची टीं-टीं

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर किती वेळ तग धरतो? सुमारे १६-१७ मिलिसेकंद! डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. यूपीएस काही मिलिसेकंदांतच बॅटरीवर येतो, म्हणून कॉम्प्युटरला वीज गेल्याचं कळतच नाही. घरातला इन्व्हर्टर मात्र साध्या सेटिंगवर जरा सावकाश बदल करतो. पंखा-दिव्यांना चालतं, कॉम्प्युटरला नाही. बऱ्याच इन्व्हर्टरांना 'यूपीएस मोड' असं बटण असतं. ते त्यासाठीच.

वीज गेली आणि यूपीएस टीं-टीं करू लागला, तर तो सांगतोय, "दहा-पंधरा मिनिटं आहेत, सेव्ह कर आणि बंद कर." राहिलेला गेम संपवायला ती मिनिटं नसतात! वीज गेली की लगेच कॉम्प्युटरही बंद पडत असेल, तर यूपीएसची बॅटरी थकली असणार. ती साधारण दोन-तीन वर्षं टिकते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. शाई कागदावर पक्की करण्यासाठी त्यात हीटर असतो, आणि तो यूपीएसला झेपत नाही.

आभाळ गडगडलं की

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांतले वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस विजा घेऊन येतात. जवळ वीज पडली, तर तारांतून येणारा झटका कोणत्याही स्पाइक गार्डला आवरत नाही. स्पाइक गार्डच्या आतला छोटासा भाग लहानसहान झटके अंगावर घेतो, पण झटके सोसून सोसून तोही संपतो. म्हणून आभाळ भरून येऊ लागलं, की गडगडाट सुरू व्हायच्या आतच बटण बंद करून प्लग काढून ठेवावा. आणि इंटरनेटची केबलही! पुष्कळ जण प्लग काढतात आणि तांब्याच्या तारेची केबल तशीच ठेवतात. वीज मग मागच्या दारानं येते. विजा डोक्यावर कडाडू लागल्यावर मात्र तारांना हात लावू नका. कॉम्प्युटरपेक्षा तुम्ही मोलाचे!

आई-बाबांसाठी चौकट

वायरमन घरी आले, की एवढं जरूर विचारा :

१. कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची खरी तार आहे, की न्यूट्रलला जोडलेला तुकडा?

२. मीटर लावून दाखवा. फेज आणि अर्थिंग यांच्यात २३० च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यात अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत.

३. घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी आहे का? एमसीबी वायरिंगला वाचवते, आरसीसीबी माणसाला. तिच्यावर 'टी' अक्षराचं बटण असतं. ते अधूनमधून दाबून ती पडते ना, हे पाहावं. पडली नाही, तर ती बदलायला हवी.

४. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी तपासला? उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालावं.

कुणाला शॉक बसून तो चिकटून राहिला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडी काठीनं त्याला दूर ढकला, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका.

या रविवारचा उद्योग

आई किंवा बाबांना सोबत घ्या आणि घरातल्या बोर्डांचा नकाशा वहीत काढा. कोणत्या सॉकेटला तीन भोकं, कोणत्याला दोन, कुठे काय लावलंय, कोणता प्लग सैल दिसतो, कोणत्या एक्स्टेंशनवर जत्रा भरलीय, सगळं लिहा. मेन स्विच कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनासुद्धा, दाखवून ठेवा. संशय येईल त्या जागेपुढे लाल फुली करा. वायरमनकाका येतील तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवा. त्यांचं निम्मं काम तुम्हीच करून ठेवलेलं असेल.